बाहेरून पदवी करायची? आधी आठवड्याचे तास मोजा

निकालांचा हंगाम आला की ‘बाहेरून करता येईल का’ ही विचारणा सुरू होते, आणि विचारणारे सगळेच काही नुकते बारावी झालेले नसतात. बारावीनंतर लग्न झालं, आता मुलं शाळेत जायला लागली, अशी पस्तिशीतली बाई विचारते. एमआयडीसीत वर्षानुवर्षं काम करून, पदवी नाही म्हणून सुपरवायझरच्या पुढे न सरकलेला माणूस विचारतो. हल्ली अठरा वर्षांची मुलंही विचारतात: पुण्यात राहून एमपीएससीची तयारी करायची आहे, पदवी मुक्तमधून होऊन जाईल ना?

या तिघांना एकच उत्तर देता येत नाही. पण तिघांनीही विचार एकाच ठिकाणाहून सुरू करावा असं मला वाटतं. अभ्यासक्रम झेपेल का, ही बहुतेकांची पहिली भीती असते. माझ्या मते ती भीती चुकीच्या जागी आहे. अभ्यासक्रम बहुतेकांना झेपतो. शिक्षण सुटतं ते दुसऱ्याच गोष्टींनी: वाचायला ठरलेली वेळ नसते, अडलं की विचारायला माणूस नसतो, आणि तारखा हातातून निसटतात. कॉलेजात या तिन्ही गोष्टी आपोआप मिळतात. वेळापत्रक लागलेलं असतं, बाकावर शेजारी कोणी बसलेलं असतं, आणि फॉर्म भरायची शेवटची तारीख कोणीतरी ओरडून सांगतं. दूरशिक्षणात हे सगळं तुम्हाला स्वतः उभं करावं लागतं. ते करता येईल का, यावर निर्णय घ्या.

आधी एक गोंधळ दूर करू. लोक ‘बाहेरून’ म्हणतात तेव्हा त्यात तीन वेगळे मार्ग मिसळलेले असतात. दहावी-बारावीला सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसता येतं. तिथे राज्य मंडळ परीक्षा घेतं, अभ्यास तुमचा तुम्ही करायचा. दूरशिक्षणात विद्यापीठ तुम्हाला पुस्तकं देतं, जवळचं अभ्यासकेंद्र ठरवून देतं, असाइनमेंट तपासतं आणि शेवटी केंद्रावर बोलावून परीक्षा घेतं. तिसरा मार्ग ऑनलाइन पदवीचा. तिथे व्याख्यानं, वाचनसाहित्य, चर्चा आणि चाचण्या सगळं विद्यापीठाच्या संगणकीय प्रणालीवर चालतं. विद्यापीठ अनुदान आयोग म्हणजे यूजीसी दूरशिक्षण आणि ऑनलाइन या दोन्हींना वेगवेगळी मान्यता देते. म्हणून एखाद्या विद्यापीठाला दूरशिक्षणाची परवानगी आहे, याचा अर्थ त्याची ऑनलाइन पदवीही मान्य आहे असा होत नाही.

आपल्याकडे हे शिक्षण पत्राने सुरू झालं. दिल्ली विद्यापीठाने १९६२मध्ये पत्रद्वारे अभ्यासक्रम काढले आणि मुंबई विद्यापीठाने १९७१मध्ये. मुंबईकरांना माहीत असलेली कलिन्याची ‘आयडॉल’ ही त्याचीच वाढलेली शाखा. त्या काळी पोस्टाने नोट्स यायच्या आणि वर्षाअखेरीस परीक्षा व्हायची. पुढे १९८२मध्ये हैदराबादला देशातलं पहिलं मुक्त विद्यापीठ झालं, १९८५मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ म्हणजे इग्नू, आणि १ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. त्याचे पहिले कुलगुरू प्रा. राम ताकवले पुढे इग्नूचेही कुलगुरू झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे नाशिकच्या विद्यापीठाचं ब्रीद ठाऊक नाही असा तालुका महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. मुक्त विद्यापीठांनी मोठा बदल केला तो पुस्तकात, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे.

पुस्तक वेगळं का असतं

कॉलेजातलं क्रमिक पुस्तक असं गृहीत धरून लिहिलेलं असतं की पुढे एक शिक्षक उभा आहे. तो गाळायचं ते गाळेल, अवघड ते समजावेल. मुक्त विद्यापीठाचं पुस्तक शिक्षक नाही असं धरून लिहितात. ते ‘घटकां’मध्ये विभागलेलं असतं. प्रत्येक घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं असतात, म्हणजे हा घटक संपल्यावर तुम्हाला काय करता आलं पाहिजे. मग थोडं विवेचन, त्यानंतर लगेच दोन-तीन प्रश्न, पुन्हा विवेचन, पुन्हा प्रश्न. शेवटी सारांश, कठीण शब्द आणि त्या प्रश्नांची उत्तरं.

यातले मधले प्रश्न म्हणजे शिक्षकाच्या जागी ठेवलेली वस्तू आहे. वर्गात शिक्षक मध्येच थांबून ‘कळलं का?’ विचारतात, तेच काम ते छोटे प्रश्न करतात. आणि बहुतेक जण नेमके तेच सोडून देतात. पुस्तक कादंबरीसारखं सरळ वाचत जातात, सगळं समजल्यासारखं वाटतं, आणि परीक्षेत पेन उचलल्यावर काही आठवत नाही. माझा आग्रह एवढाच की घटकातला प्रश्न आला की पुस्तक मिटवा, वहीत चार ओळी का होईना लिहा, आणि मगच शेवटची उत्तरं उघडून पाहा. याने वाचनाचा वेग निम्मा होतो. तसाच होऊ द्या.

वर्ष कसं जातं

उदाहरणासाठी इग्नू घेऊ, कारण त्याची पद्धत देशभर सारखी आहे. वर्षातून दोनदा प्रवेश असतो, जानेवारी आणि जुलै सत्रांसाठी. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि नागपूरला विभागीय केंद्रं आहेत, गोव्यालाही आहे. अर्ज करताना तुम्ही अभ्यासकेंद्र निवडता. ते बहुधा एखादं नेहमीचंच कॉलेज असतं, सुट्टीच्या दिवशी किंवा संध्याकाळी इग्नूसाठी चालणारं. तिथे शिकवणाऱ्यांना समंत्रक म्हणतात. ते संपूर्ण अभ्यासक्रम शिकवत नाहीत. तुम्ही वाचून यायचं आणि अडलेलं विचारायचं, अशी ती रचना आहे. जो न वाचता जातो त्याला वाटतं, ‘इथे काही शिकवतच नाहीत’. थिअरीच्या तासांना हजेरीची सक्ती सहसा नसते, प्रात्यक्षिकांना असते.

प्रत्येक विषयाची असाइनमेंट लिहून द्यावी लागते. बहुतेक अभ्यासक्रमांत तिला ३० टक्के आणि सत्रांत परीक्षेला ७० टक्के वजन असतं, आणि दोन्हींत वेगवेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं. परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होतात. असाइनमेंटची मुदत सर्वसाधारणपणे त्याआधी, म्हणजे एप्रिल आणि ऑक्टोबरच्या अखेरीस येते. परीक्षेचा फॉर्म वेगळा भरावा लागतो आणि त्याचं शुल्कही वेगळं असतं. प्रवेशाच्या वेळी फी भरली म्हणजे परीक्षेला बसता येईल, असं धरून चालणाऱ्यांचं हॉल तिकीट येत नाही. दुसऱ्या वर्षासाठी पुन्हा नोंदणी करायची असते आणि तिलाही शेवटची तारीख असते. पहिल्या वर्षाचा निकाल हातात येईपर्यंत थांबलो आणि दुसऱ्या वर्षाची नोंदणी राहून गेली, ही तक्रार फार नेहमीची आहे. निकालासाठी थांबायचं कारण नसतं.

नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचे नियम तपशिलात वेगळे आहेत, पण सांगाडा हाच: अभ्यासकेंद्र, संपर्कसत्रं म्हणजे तिथे होणारे तास, अंतर्गत काम, परीक्षा. त्याचं मोठं बळ म्हणजे मराठी. इग्नूचे बहुतेक अभ्यासक्रम इंग्रजी आणि हिंदीतून आहेत. बारावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या माणसाने समाजशास्त्राची बी.ए. इंग्रजी पुस्तकांतून, एकट्याने, घरी बसून करायची म्हटली तर तो दोन विषय एकदम शिकत असतो. हौस म्हणून तसं करू नये. इंग्रजी सुधारायचं असेल तर ते वेगळं शिका.

असाइनमेंटबद्दल आणखी एक सांगायलाच हवं. तयार उत्तरांच्या फायली टेलिग्रामवर आणि झेरॉक्सच्या दुकानांत उघड विकल्या जातात. त्या घेऊन उतरवून काढल्या की ३० टक्क्यांचं काम झालं असं वाटतं. पण दूरशिक्षणात संपूर्ण सत्रात तुमचं लिखाण दुसरं माणूस वाचतं आणि त्यावर शेरा मारतं, असा प्रसंग हा एवढाच असतो. तो विकत घेऊन टाकला की तुम्हाला कोणीच शिकवलं नाही असं होतं. आणि उरलेल्या ७० टक्क्यांच्या परीक्षेत तीन-तीन तास लिहायची सवय कुठून येणार?

आता तास

क्रेडिट हा शब्द माहितीपत्रकात जागोजागी दिसतो. दूरशिक्षणात एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याच्या अभ्यासाचे ३० तास. यात वाचन, असाइनमेंट, संपर्कसत्र सगळं आलं. तीन वर्षांची पदवी साधारण १२० क्रेडिटची असते, म्हणजे वर्षाला ४०. चाळीस गुणिले तीस, १२०० तास. बावन्न आठवड्यांत वाटले तर आठवड्याला तेवीस तास होतात.

सणवार, आजारपण, पाहुणे काहीही न धरता रोज सव्वातीन तास. नोकरी आणि घर सांभाळणाऱ्या माणसाला हा आकडा ऐकून धक्का बसतो, आणि तो बसायला हवा. कारण प्रवेश घेताना डोक्यात ‘परीक्षेआधी महिनाभर वाचू’ असं असतं. विषय आधीपासून ओळखीचा असेल तर तास कमी लागतील हे खरं. शाळेत शिकवणाऱ्या बाईंना शिक्षणशास्त्राचा पेपर लवकर होईल. पण अर्थशास्त्राशी पहिल्यांदाच गाठ पडत असेल तर नाही होणार.

यावर उपाय आहे आणि तो नियमांतच आहे. इग्नूची तीन वर्षांची बी.ए. जास्तीत जास्त सहा वर्षांत पूर्ण करायची मुभा असते, आणि सत्रात सगळेच पेपर द्यायची सक्ती नसते. म्हणजे अर्ध्या वेगाने गेलात तर आठवड्याला अकरा-बारा तास पुरतात. पाच दिवस दीड-दीड तास आणि रविवारी चार. हे नोकरदार माणसाला जमण्यासारखं आहे. ‘तीन वर्षांत झालीच पाहिजे’ या हट्टापायी दुसऱ्या वर्षी सगळं सोडून देणाऱ्यापेक्षा, पाच वर्षांचा बेत आखून पाचव्या वर्षी पदवी घेणारा माणूस मला जास्त शहाणा वाटतो. फक्त मुदत संपायची तारीख लिहून ठेवा. मोकळीक असली तरी ती अमर्याद नाही.

तास शोधताना दिवस आणि वर्ष दोन्ही पाहा. कल्याण ते सीएसएमटी लोकलचा तास वाचनाला मिळू शकतो, लिहिण्याला नाही. म्हणून लोकलवर विसंबणाऱ्याने लिहिण्याचे तास घरी वेगळे काढावेत. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांच्यासाठी जूनची परीक्षा म्हणजे ऐन पेरणीचा काळ. अशांनी शक्य तेवढे पेपर डिसेंबरकडे ढकलावेत. सोयाबीन तोवर घरात आलेलं असतं, कपाशीची वेचणी मात्र चालू असू शकते. एप्रिलअखेरची असाइनमेंट लग्नसराईत सापडते, ऑक्टोबरअखेरची दिवाळीच्या आसपास. ऐन वेळी बसायचं ठरवलं तर घरात बुंदी पाडायचं काम चालू असताना तुम्ही ‘भारतीय राज्यघटनेची वैशिष्ट्ये’ लिहीत बसाल. दिनदर्शिका भिंतीवरून काढा, या तारखांवर खूण करा आणि त्याच्या तीन आठवडे आधी दुसरी खूण करा. काम संपवायची खरी तारीख ती दुसरी.

सत्रांत परीक्षेचे पेपर सलग नसतात, कित्येक आठवड्यांवर पसरलेले असतात. त्यामुळे रजेचा हिशेबही आधीच करावा लागतो. रोजंदारीवर किंवा कंत्राटी नोकरीत असणाऱ्यांसाठी फीपेक्षा हा खर्च मोठा ठरू शकतो, आणि माहितीपत्रकात तो कुठेच लिहिलेला नसतो.

विचारायला कोण आहे?

दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांनी मांडलेली एक कल्पना इथे फार उपयोगी आहे. त्यांचं म्हणणं, या शिक्षणातलं खरं अंतर किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. ते शिकवणारा आणि शिकणारा यांच्यातल्या समजुतीचं अंतर असतं. दोघांत संवाद जितका जास्त, तितकं ते कमी. साहित्य जितकं आधीच ठरवून बांधलेलं आणि संवाद जितका कमी, तितकं विद्यार्थ्याला स्वतःचं स्वतः चालवायचं बळ जास्त लागतं. दोनशे मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसलेला मुलगाही या अर्थाने दूरशिक्षणच घेत असतो. आणि गडचिरोलीत बसून दर रविवारी आपल्या समंत्रकाला फोन करणारी बाई त्याच्यापेक्षा शिक्षकाच्या जवळ असू शकते.

म्हणून प्रवेशाआधी आणखी एक गोष्ट तपासा. अभ्यासकेंद्रावर प्रत्यक्ष जाऊन या, तेही रविवारी, संपर्कसत्र चालू असताना. समंत्रक येतात का, किती विद्यार्थी असतात, कार्यालयात प्रश्नाला उत्तर मिळतं का, हे एका फेरीत कळतं. सगळी केंद्रं सारखी नसतात, आणि दोन स्टेशनं पुढचं केंद्र चांगलं असेल तर तेच निवडावं. त्याच अभ्यासक्रमाचा एक सोबती शोधा. हुशार असायची गरज नाही, नियमित असला म्हणजे झालं. दोघांनी दर आठवड्याला एकमेकांना एका घटकावर प्रश्न विचारायचे. हे साधं वाटतं, पण मला विचाराल तर पूर्ण होणारी पदवी आणि अर्धवट राहणारी पदवी यांत अनेकदा एवढाच फरक असतो. पन्नास-शंभर जणांचे व्हॉट्सॲप ग्रुप त्याची जागा घेऊ शकत नाहीत. तिथे ‘फॉर्मची तारीख वाढली का?’ याच्या पलीकडे फारसं काही चालत नाही.

घरातली बाई शिकणार असेल तर हा प्रश्न आणखी खोल जातो. ‘तू घरीच तर असतेस’ हे वाक्य तिच्या अभ्यासाचा सगळ्यात मोठा शत्रू आहे. घरात असलेल्या माणसाचा वेळ सगळ्यांचा असतो असं आपल्याकडे धरूनच चालतात. अशा वेळी प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी घरी बसून स्पष्ट बोलावं: कोणते दीड तास माझे, त्या वेळी सासूबाईंचा चहा कोण करणार, मुलांना शाळेतून कोण आणणार, परीक्षेच्या दिवसांत डबा कोण भरणार. हे ठरलं नाही तर अभ्यास रात्री अकरानंतर सरकतो, आणि दिवसभर राबलेल्या माणसाला अकरानंतर घटक डोक्यात जात नाही. ज्या घरांत हे बोलणं होतं त्या घरांतल्या चाळिशीच्या बायका पदव्या घेतात. मुक्त शिक्षणाने महाराष्ट्रात केलेल्या कामांत हे काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

आता अठरा वर्षांच्या मुलाबद्दल. कॉलेज जवळ असेल, परवडत असेल आणि जाता येत असेल तर त्याने कॉलेजात जावं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या वयात वर्गातून जे मिळतं ते पुस्तकाबाहेरचंच जास्त असतं: ग्रंथालय, प्रयोगशाळा, वेगळ्या घरांतली माणसं, चुकीचं उत्तर देऊन ते सुधारायची संधी. स्पर्धा परीक्षेसाठी पदवी बाजूला टाकणाऱ्याने हेही लक्षात घ्यावं की परीक्षा निघाली नाही तर हातात उरते ती पदवीच. तिच्या तीन वर्षांत काहीच वाचलं नसेल तर ती कागदापुरती राहते. पण घरची परिस्थिती कॉलेजला जाऊ देत नसेल, सतराव्या वर्षीच दुकान किंवा शेती अंगावर आली असेल, तर दूरशिक्षण हाच योग्य मार्ग आहे आणि त्यात कमीपणा काही नाही.

काय शिकता येतं आणि काय नाही

सगळेच विषय या मार्गाने घेता येत नाहीत. अभियांत्रिकी, वैद्यक, दंतवैद्यक, औषधनिर्माण, नर्सिंग, फिजिओथेरपी, वास्तुकला, कायदा, शेती, हॉटेल मॅनेजमेंट यांच्या पदव्या दूरशिक्षणाने देण्यास यूजीसीच्या नियमांत मनाई आहे. पीएच.डी.ही दूरशिक्षणाने करता येत नाही. दूरशिक्षणाने एम.ए. करून पुढे नेहमीच्या पद्धतीने पीएच.डी.ला प्रवेश घेता येतो, ती वेगळी गोष्ट. २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र, पोषण आणि आहारशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान असे आरोग्याशी निगडित विषयही यूजीसीने दूरशिक्षण आणि ऑनलाइनमधून बंद केले. समुपदेशक व्हायच्या इच्छेने दूरशिक्षणाने मानसशास्त्रात एम.ए. करणारे आपल्याकडे बरेच होते. जुन्या माहितीवर विसंबून आता कोणी तसा सल्ला दिला तर तो ऐकू नका.

हे नियम मोडले की काय होतं, याचं उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या ३ नोव्हेंबर २०१७च्या निकालात आहे. काही अभिमत विद्यापीठांनी २००१ ते २००५ या काळात प्रवेश दिलेल्या विद्यार्थ्यांना, आवश्यक मंजुरी नसताना, दूरशिक्षणाने अभियांत्रिकी पदव्या दिल्या होत्या. न्यायालयाने त्या पदव्या स्थगित केल्या आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची म्हणजे एआयसीटीईची परीक्षा द्यायची अट घातली. नोकरीत दहा-बारा वर्षं झालेली माणसं पुन्हा परीक्षार्थी झाली. विद्यापीठाने जाहिरात दिली, फी घेतली, पदवी दिली, तरी फटका विद्यार्थ्याला बसला.

म्हणून फी भरण्याआधी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या, संकेतस्थळावर जाऊन तीन गोष्टी जुळवा: विद्यापीठाचं नाव, नेमका अभ्यासक्रम, आणि नेमकं सत्र. मान्यता अभ्यासक्रमागणिक आणि सत्रागणिक असते. गेल्या वर्षी चुलतभावाने तिथूनच केलं, हा पुरावा होत नाही. राज्य विद्यापीठांच्या दूरशिक्षणाला हद्द असते हेही पाहा. बेळगाव, इंदूर किंवा बडोद्यात राहणाऱ्या मराठी माणसासाठी नाशिकपेक्षा इग्नू हा सरळ पर्याय आहे. कोणी क्लासवाला ‘आमच्या इन्स्टिट्यूटमधून अमुक विद्यापीठाची पदवी, परीक्षा इथेच, पासची हमी’ म्हणत असेल तर तिथून उठावं. दूरशिक्षणाची पदवी फ्रँचायझीने विकायला परवानगीच नाही. आणि ‘मागच्या तारखेची’ पदवी देतो म्हणणारा तर तुम्हाला गुन्ह्यात ओढतो आहे.

पदवीला किंमत आहे का

कायद्याने आहे. यूजीसीने २०२०च्या नियमांत म्हटलं आणि सप्टेंबर २०२२मध्ये पुन्हा स्पष्ट केलं की, मान्यताप्राप्त संस्थेतून दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन घेतलेली पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष आहे. एमपीएससी, यूपीएससी, बँकांच्या परीक्षा, खात्यांतर्गत बढत्या इथे ती चालते. एमआयडीसीतल्या त्या माणसाने मात्र आधी आपल्या कंपनीच्या एचआरला लेखी विचारावं, कारण खासगी कंपनीचे बढतीचे नियम तिचे स्वतःचे असतात. २०२२पासून एक पदवी कॉलेजात आणि दुसरी दूरशिक्षणाने, अशा दोन पदव्या एकाच वेळी करायलाही यूजीसीने मुभा दिली आहे.

गुणांकडे मात्र लक्ष हवं. ‘पास झालो की बस’ हा विचार पुढे आडवा येतो. प्राध्यापकीसाठी नेट ही पात्रता परीक्षा द्यायची तर पदव्युत्तर पदवीला खुल्या प्रवर्गात ५५ टक्के आणि आरक्षित प्रवर्गांत ५० टक्के लागतात. बावन्न टक्क्यांनी एम.ए. झालेल्या खुल्या प्रवर्गातल्या माणसाला तिथे दार बंद. पुढे काय करायचं हे ठरलं असेल तर कमी पेपर घ्या, पण चांगले द्या.

पैसे न भरता करून पाहा

निर्णय घ्यायचा माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक मार्ग म्हणजे प्रवेशाआधी एक महिना विद्यार्थी होऊन पाहणं. इग्नूची पुस्तकं ‘ई-ज्ञानकोश’ या संकेतस्थळावर कोणालाही मोफत वाचायला मिळतात, आणि असाइनमेंटचे प्रश्नही इग्नूच्या संकेतस्थळावर खुले असतात. नाशिकची पुस्तकं अभ्यासकेंद्रावर किंवा एखाद्या जुन्या विद्यार्थ्याकडे पाहायला मिळतील. तुम्हाला हवा असलेल्या अभ्यासक्रमाचा एक विषय घ्या. चार आठवड्यांत चार घटक वाचा, मधले प्रश्न वहीत सोडवा, आणि शेवटी असाइनमेंटमधला एक मोठा प्रश्न हाताने लिहून काढा. रोज किती वेळ बसलात ते कॅलेंडरवर लिहीत जा. कोणाला सांगायची गरज नाही.

महिन्याअखेरीस कॅलेंडर पाहा. आठवड्याला दहा-बारा तास निघाले असतील आणि उत्तर लिहून झालं असेल, तर घ्या प्रवेश. पाच-सहाच निघाले असतील तर तेही उत्तरच आहे: कमी पेपर घेऊन, लांबचा बेत आखून जा, किंवा एखादा छोटा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आधी करा. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’वर काही आठवड्यांचे असे अनेक अभ्यासक्रम मोफत शिकता येतात, परीक्षा द्यायची असेल तरच शुल्क पडतं. आणि तासच निघाले नसतील तर यंदा थांबा. मूल वर्षाने मोठं होईल, घराचं काम संपेल, शिफ्ट बदलेल. दूरशिक्षणाला वयाची वरची अट नसते, त्यामुळे एक वर्ष थांबल्याने काही बुडत नाही. फी भरून सोडून दिलं तर पैसे तर जातातच, पण पुन्हा सुरू करायचं धैर्यही जातं.

घ्यायचं ठरलं तर शेवटच्या आठवड्यासाठी थांबू नका. आता प्रवेशासाठी डीईबी आयडी लागतो, त्यासाठी आधी एबीसी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी लागतो, आणि तो आधारशी जोडलेला असतो. आधारवरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव वेगळं असेल तर तिथेच गाडी अडते, आणि लग्नानंतर बदललेलं आडनाव हे त्याचं नेहमीचं कारण. आधारमधली दुरुस्ती, विवाह नोंदणीचा दाखला, लागलंच तर राजपत्रातली जाहिरात, यात बरेच दिवस जातात. ती कामं त्या चाचणीच्या महिन्यातच सुरू करा.